पेशंटबरोबर कोण आहे?

आपल्याकडच्या दवाखान्यात माणसाला एकट्याने आजारी पडायची परवानगी नाही. केसपेपरची खिडकी असो, कन्सल्टिंग रूमचा अर्धा दरवाजा असो की ऑपरेशनच्या संमतीचा कागद, पहिला प्रश्न ठरलेला: "पेशंटबरोबर कोण आहे?" काय होतंय, हा प्रश्न त्यानंतरचा. त्याचंही उत्तर बहुतेक वेळा बरोबर आलेलाच देतो. "यांना चार दिवस भूक नाही." पेशंट शेजारी बसून स्वतःविषयीची माहिती लक्षपूर्वक ऐकतो.

गुडघेदुखीत हे खपून जातं. मनाच्या डॉक्टरकडे खपत नाही. ज्याला मुलगे आवडतात असा मुलगा, जिला मुली आवडतात अशी मुलगी, जन्मदाखल्यावर लिहिलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही अशी माणसं, यांच्या बाबतीत तर सगळी मेख याच प्रश्नात आहे. कारण यांच्याबरोबर कुणी आलेलं नसतं. यांना घेऊन आलेले असतात.

पुढचा संवाद पाठ असल्यासारखा होतो.

"डॉक्टर, एकुलता एक आहे. इंजिनिअर आहे, पॅकेज चांगलंय. तेवढं हे एक सोडलं तर नाव ठेवायला जागा नाही."

"कधीपासून आहे हे?"

"हॉस्टेलला गेल्यापासून," आई म्हणतात. मुलगा नववीत असतानाच आपल्याला काय वाटतं ते ओळखून बसलेला असतो, पण त्याला कुणी विचारलेलं नाही.

"सर, मला झोप..."

"तू थांब रे, मोठे बोलताहेत ना."

"काळजी करू नका. तीन महिने येऊ द्या नियमित. हमखास फरक पडेल."

झोप मुलाची उडाली आहे आणि उपचार बाबांच्या बेचैनीवर सुरू झाले आहेत. कारण उघड आहे, फी बाबांनी भरली. वकिलावर लोक काय वाटेल ते बोलतात, पण तो निदान एका खटल्यात एकाच बाजूचं वकीलपत्र घेतो. इथे फिर्यादीकडून फी घ्यायची आणि आरोपीला तपासायचं, अशी व्यवस्था आहे. शिवाय आरोपीने गुन्हा कबूल केला की त्याला 'सहकार्य करणारा पेशंट' म्हणायचं.

फरक पडतोही. तीन महिन्यांत मुलगा खोटं सफाईने बोलायला शिकतो. आई-बाबा खूश, डॉक्टर खूश. पुढच्या कुटुंबाला सांगायला एक यशस्वी केस तयार.

*

या दुखण्यावर महाराष्ट्रात सर्वांत जास्त सुचवलं जाणारं औषध कोणतं, हे सांगायला फार्मसीची पदवी लागत नाही. "लग्न करून द्या, आपोआप मार्गी लागेल." डॉक्टर सुचवतात, मावशी सुचवते, कुलदेवतेचे गुरुजी सुचवतात. एवढं एकमत महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या विषयावर असेल तर दाखवा.

घेतो एक आणि दुष्परिणाम भोगते दुसरी, असं हे जगातलं एकमेव औषध. कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येणाऱ्या मुलीला कल्पनाही नसते की आपण इथे वधू म्हणून पसंत होत नाही, गोळी म्हणून होतोय. वर्षभरात तिचीही झोप उडते. मग तीही डॉक्टरकडे येते, म्हणजे तिलाही आणतात. बरोबर सासूबाई. "काय गं, घरात जमवून घेतेस ना?" गुण आला नाही म्हणून डोस वाढवायचा ठरतो. वाढीव डोस म्हणजे मूल.

पेशंट जर मुलगी असेल तर एवढा खटाटोपही नाही. तिचं लग्न तसंही लावायचंच होतं. निदान होण्याआधीच उपचार पूर्ण, असा वेग कुठल्या सुपरस्पेशालिटीतही मिळणार नाही.

*

शास्त्राचं काय म्हणणं आहे? शास्त्राचं म्हणणं बदलून अर्धशतक झालं. निरोप अजून आमच्या पेठेत पोचायचा आहे.

समलैंगिक माणूस मुळातच विकृत, या सिद्धान्तामागे एक साधा घोटाळा होता. तज्ज्ञांनी पाहिलेले समलैंगिक लोक दवाखान्यातले किंवा तुरुंगातले असत. दवाखान्यात बसून मोजलं तर सगळं जग आजारीच निघणार. एव्हलिन हूकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी हा घोळ निस्तरला. कुठलेही उपचार न घेणारे ३० समलैंगिक पुरुष आणि ३० विषमलैंगिक पुरुष त्यांनी निवडले, शाईच्या डागांची आणि अशाच इतर चाचण्या घेतल्या आणि कोण कोणत्या गटातला हे लपवून निकाल नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवले. तज्ज्ञांना फरक सांगता आला नाही. हा अभ्यास छापून आला १९५७ साली. अजून संयुक्त महाराष्ट्र व्हायचा होता.

तरीही अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आणखी दीड दशक घेतलं. १९७२ साली डॅलसच्या अधिवेशनात 'डॉ. एच. अ‍ॅनॉनिमस' नावाचे एक गृहस्थ व्यासपीठावर आले. तोंडावर रबरी मुखवटा, डोक्यावर विग, अंगात ढगळ सूट आणि हातात आवाज बदलणारा माइक. मी समलैंगिक आहे आणि मी मनोविकारतज्ज्ञ आहे, एवढंच त्यांना सांगायचं होतं. आत होते डॉ. जॉन फ्रायर. मनं मोकळी करण्याचा व्यवसाय करणाऱ्यांच्या सभेत त्यांच्यातल्याच एकाला तोंड दाखवायची सोय नव्हती. पुढच्या वर्षी डिसेंबरात संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. काही सभासद चिडले, म्हणून १९७४ साली चक्क मतदान झालं आणि ५८ टक्क्यांनी निर्णय उचलून धरला. विरोधात मत टाकणाऱ्यांची एक शाखा आपल्याकडे अजून व्यवस्थित चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने हीच दुरुस्ती १७ मे १९९० रोजी केली.

"पण अमेरिकेतल्याच एका मोठ्या डॉक्टरने दाखवलंय की बदलता येतं," असं कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवरून सांगतंच. ते मोठे डॉक्टर म्हणजे रॉबर्ट स्पिट्झर. १९७३ च्या निर्णयात त्यांचाच पुढाकार होता. नंतर त्यांनी लोकांच्या फोनवरच्या मुलाखती घेऊन 'बदल होतो' असा अभ्यास केला, तो २००३ साली छापला आणि २०१२ साली त्याबद्दल जाहीर माफी मागितली. अभ्यास विमानाने आला, माफी बहुधा बोटीने येतेय.

आणि हे सगळं परदेशी खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांनी घरचीच कपाटं उघडावीत. र. धों. कर्वे १९२७ पासून मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. वाचक त्यात हस्तमैथुनापासून समसंभोगापर्यंत मनातल्या शंका बिनदिक्कत विचारत आणि कर्वे पाप-पुण्याची फोडणी न देता उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. म्हणजे तेव्हा महाराष्ट्र उत्तर देणाऱ्याला दंड करत होता आणि आता उत्तर टाळणाऱ्याला फी देतो. प्रगती म्हणतात ती हीच.

*

डॉक्टरांनाच दोष का द्यावा, शिकवलं तेच ते करणार, असं म्हणून बघू. मग काय शिकवतात ते बघू.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२४ च्या ऑगस्टअखेर एमबीबीएसचा सुधारित अभ्यासक्रम काढला. त्यात न्यायवैद्यकाच्या प्रकरणात पुरुषांचा समसंभोग आणि स्त्रियांची समलैंगिकता पुन्हा 'अनैसर्गिक लैंगिक गुन्हे' म्हणून आली. पुन्हा अशासाठी, की दोनच वर्षांपूर्वी याच आयोगाने ती काढली होती. संमतीने ठेवलेले संबंध गुन्हा नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितलं होतं. त्याहून मजा म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिताच गेली, तिच्या जागी न्याय संहिता आली आणि तिच्यात असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या ३७७ कलमाला जागाच नाही. म्हणजे जो गुन्हा कोर्टाने मोडीत काढला, ज्याचं पुस्तकही सरकारने गुंडाळून ठेवलं, तो भावी डॉक्टरांनी परीक्षेसाठी पाठ करायचा होता. ओरड झाली आणि ५ सप्टेंबरला आयोगाने परिपत्रक मागे घेतलं. शिक्षकदिनी.

परिपत्रक मागे घेता येतं. ज्या पिढ्या ते शिकून पाट्या लावून बसल्या, त्यांना मागे घेता येत नाही. ज्यांनी हा भाग ऑप्शनला टाकला त्यांची तेवढी पाटी कोरी. त्यांच्याकडे आशेने पाहावं.

न शिकलेलं नंतर शिकता येतं, याचा दाखला एका न्यायाधीशांनी दिला. मदुराईच्या दोन तरुणी घर सोडून चेन्नईला आल्या. दोन्हीकडच्या आई-वडिलांनी मुली हरवल्याच्या तक्रारी दिल्या. पोलिसांच्या जाचाला कंटाळून त्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी मुलींना आणि पालकांना समुपदेशकाकडे पाठवलं. इथवर आपल्याकडेही कुणी पाठवेल. पुढे त्यांनी जे केलं ते सहसा कुणी करत नाही. या विषयातलं मला नीट कळत नाही असं आदेशात लिहून ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञ बाईंपुढे शिकायला बसले. जून २०२१ च्या आदेशात त्यांनी लैंगिक कल 'बदलण्याच्या' उपचारांना मनाई केली. त्याच खटल्यातल्या निर्देशांवरून वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं की असले उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे.

हे वाचून टाळ्या वाजवायच्या आधी थोडं थांबा. हे पत्र डॉक्टरांना लागू. मठाधिपतींना वैद्यक परिषद नसते. 'समुपदेशक' अशी पाटी तर रंगाऱ्याला पैसे दिले की लागते. आणि ज्या व्यसनमुक्ती केंद्रांत अशा मुलामुलींना नेऊन टाकल्याच्या तक्रारी येतात, त्यांच्या प्रवेश अर्जावर व्यसनाचं नाव काय लिहितात? सवय कशाची होती म्हणे, प्रेमाची?

*

आता दुसरी बाजू. सगळेच काही विजेचे झटके आणि विभूती देणारे नसतात. गेल्या काही वर्षांत सुधारलेल्या समुपदेशकांची पैदास बरी आहे. त्यांचे दोन प्रकार दिसतात.

पहिले समदर्शी. "मी सगळ्यांना सारखंच वागवतो. मला काही फरक पडत नाही." यांना फरक पडत नाही म्हणून ते काही विचारतच नाहीत. यांच्या फॉर्मवर 'पती/पत्नीचे नाव' एवढीच रिकामी जागा असते. सात वर्षं एका मित्राबरोबर संसार करणारा माणूस तिथे 'लागू नाही' लिहितो. ताटातूट झाली म्हणून ढसाढसा रडावंसं वाटत असतं आणि फॉर्म सांगतो की तुमच्याकडे तुटण्यासारखं काही नव्हतंच.

दुसरे उत्साही. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेतून आलेले. इन्स्टाग्रामवर इंद्रधनुष्य, टेबलावर इंद्रधनुष्य, प्रोफाइलवर सर्वनामं. पेशंट सांगतो, नोकरी जाईल म्हणून पोटात गोळा येतो. हे म्हणतात, "तू घरी कसं सांगितलंस, ते मला आधी ऐकायचंय." पेशंट म्हणतो, घरी माहीत आहे, घरी ठीक आहे, माझा मॅनेजर ठीक नाही. यांचा चेहरा पडतो. मग हिजडा आणि ट्रान्स यांत फरक काय, 'क्विअर' म्हणजे नेमकं काय, तुमच्यात भांडी कोण घासतं, असे प्रश्न सुरू. तासाभराने पेशंट यांना पुष्कळ शिकवून बाहेर पडतो आणि शिकवल्याबद्दल फी भरतो. शिकवणी घेणाऱ्याने पैसे द्यायचे, ही प्रथा एवढ्या एका क्षेत्रात उलटी फिरली आहे.

एकाला काहीच दिसत नाही, दुसऱ्याला तेवढंच दिसतं. समोर माणूस आहे हे दोघांच्याही नजरेतून सुटतं.

सबब म्हणाल तर आता उरलेली नाही. मुंबईची मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था मनाच्या डॉक्टरांसाठी आणि समुपदेशकांसाठी या विषयाचा खास अभ्यासक्रम चालवते. शिकवणारे समुपदेशक स्वतः क्विअर आहेत, म्हणजे मुखवटा काढून बोलणारे. त्यांचं त्यावर पुस्तकही आहे. मराठीत वाचायचं तर पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे कितीतरी वर्षं सोप्या मराठीत लिहीत आले आहेत. पण आपल्या समुपदेशनाची गाडी दादर-कोथरूडच्या पुढे निघाली की इंग्रजीतच बंद पडते. तालुक्याच्या गावातल्या पोराला आपलं दुखणं सांगायचं तर आधी टोफेल द्यावी लागेल.

*

मग चांगले उपचार म्हणजे काय? ते सांगायला लांबलचक व्याख्या लागत नाही.

माणसाचा कल हा आजार नाही, त्यामुळे तो बरा करायचा नाही. आजार असेल तो बरा करायचा. नैराश्य आलं असेल तर ते नैराश्यच असतं, त्याला गोळी लागली तर द्यायची, थेरपी लागली तर करायची. समलैंगिक माणसाला परीक्षेची धास्ती परीक्षेमुळेच वाटू शकते, हे मान्य करायचं. आणि जिथे त्रासाचं मूळ बाहेर आहे तिथे ते बाहेरच शोधायचं. इलन मेयर या संशोधकाने २००३ साली हे नीट मांडलं: अल्पसंख्य लैंगिकतेच्या लोकांत ताण, नैराश्य जास्त दिसतं त्याचं कारण त्यांच्या लैंगिकतेत नसून तिच्यापायी रोज सोसाव्या लागणाऱ्या हेटाळणीत, लपवाछपवीत आणि 'आज कळेल का' या धाकात आहे. ऑफिसच्या डब्याच्या वेळी 'शनिवारी कुठे गेला होतास' या साध्या प्रश्नाला नाव बदलून, लिंग बदलून, सिनेमा बदलून उत्तर द्यायचं. हे दिवसातून पाच वेळा, वर्षानुवर्षं. मेंदू थकणार नाही तर काय होईल?

पालकांना एक भीती असते, की असा समुपदेशक आपल्या मुलाला 'तसा' करून सोडेल. बिनघोर राहा. मुलाला मराठीचा पेपर मन लावून लिहायला लावणं ज्या प्रौढ मंडळींना जमत नाही, त्यांना त्याचं प्रेम कुणावर बसावं हे ठरवता येईल होय? चांगल्या समुपदेशकाच्या खोलीत निकाल आधी ठरलेला नसतो, एवढंच. मुलगा म्हणाला "मला नक्की सांगता येत नाही", तर त्याला तसं म्हणायचीही मुभा असते. ती मुभा आपल्या घरातल्या दुसऱ्या कुठल्या खोलीत आहे?

ट्रान्स माणसांची तऱ्हा आणखी निराळी. आपण कोण हे माणसाने स्वतः ठरवायचं, असं सर्वोच्च न्यायालय २०१४ साली म्हणालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत जन्मदाखल्यावरचं लिंग आपलं न वाटणं ही गोष्ट मनोविकारांच्या प्रकरणातून हलवून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. तरी शस्त्रक्रियेच्या वाटेवर मनाच्या डॉक्टरचं पत्र लागतंच. त्यामुळे पेशंट डॉक्टरपुढे मोकळा कधी होत नाही. 'कधी कधी मला भीती वाटते' असं म्हटलं तर पत्र लांबेल, म्हणून भीती गिळायची. 'लहानपणापासून बाहुल्याच आवडायच्या' असं म्हटलं की पत्र लवकर मिळतं, म्हणून बाहुल्या आणायच्या. ज्याच्यापाशी मन उघडायचं तोच गेटपास देणारा असला की माणूस मन उघडत नाही, पास काढतो.

जिथे असं करावं लागत नसे अशी एक जागा आपल्याकडे होती. कल्याण आणि पुण्यात ट्रान्स लोकांसाठी 'मित्र' क्लिनिक चालत होतं. समुपदेशन, हार्मोनविषयीचा सल्ला, तपासण्या, सगळं एका छपराखाली आणि काम करणाऱ्यांत ट्रान्स माणसं. पैसा अमेरिकी मदतीचा होता. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सत्ता बदलली, मदत गोठली आणि कल्याणच्या दारावर कुलूप लागलं. त्याच सरकारने जुलैमध्ये स्वतःच्या देशातल्या आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनवरची एलजीबीटीक्यू तरुणांसाठीची खास सेवाही बंद केली. ९८८ लावून ३ दाबलं की ती मिळत असे. न्यू जर्सीच्या मराठी मुलालाही आणि कल्याणच्या ट्रान्स मुलीलाही एकाच सहीने वाऱ्यावर सोडता येतं, याला म्हणतात जागतिकीकरण. तरी प्रश्न आपल्याला आहेच. कल्याणच्या दवाखान्याचं भाडं वॉशिंग्टनने का भरावं? पुतळ्याच्या चौथऱ्याला जो निधी लागतो त्यातल्या पायऱ्यांच्या खर्चात ते भागलं असतं.

*

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग करायचं काय? या सदरात सहसा फुकट सल्ला देत नाही, पण एक कायदा असा आहे की त्याची जाहिरात कुणीच करत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७.

संसदेने तो मंजूर केला तेव्हा समलिंगी संबंध अजून गुन्हाच होता. तरी त्याच्या १८ व्या कलमात लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क लिहिला गेला. बहुधा कुणी नीट वाचलं नसावं. तिसरं कलम म्हणतं की समाजाच्या नैतिक किंवा सामाजिक कल्पनांत बसत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. तेविसावं म्हणतं की उपचारांची माहिती गुप्त ठेवायची. 'आईला फोन करून सांगितलं, तिला काळजी असते ना' हे डॉक्टरांचं वाक्य त्या कलमात बसत नाही.

पण खरी गंमत चौदाव्या कलमात आहे. कुणाही प्रौढ माणसाला आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमता येतो. आपण निर्णय घ्यायच्या स्थितीत नसलो तर डॉक्टरांनी कुणाशी बोलायचं, भरती करण्याचा अर्ज कुणी करायचा, हे त्याने ठरतं. तो प्रतिनिधी नातेवाईकच हवा, असं कुठेही म्हटलेलं नाही. जोडीदार चालतो, मैत्रीण चालते, खोलीतला सोबती चालतो. तो प्रौढ आणि सक्षम हवा, त्याची लेखी तयारी हवी, बस्स. आणि हे लिहायचं कशावर? कायद्यातच म्हटलंय, साध्या कागदावर, सही किंवा अंगठा. ज्या देशात भाडेकरार स्टॅम्पपेपरशिवाय होत नाही तिथे आपलं माणूस कोण, हे वहीच्या पानावर लिहून ठरवता येतं.

कागद केला नाही तर? तर कायदा यादीप्रमाणे खाली उतरतो आणि त्या यादीत नातेवाईक वरच्या पायरीवर आहेत. म्हणजे ज्या काकांनी 'याला कुठेतरी नेऊन टाका' म्हटलं होतं, तेही रांगेत आहेत. तुमची माहिती त्यांना मिळू शकते, तुमचा अर्ज त्यांच्या सहीने होऊ शकतो. लग्नाचा हक्क द्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली नकार दिला, तो प्रश्न जेव्हा सुटेल तेव्हा सुटो. वहीचं पान आज संध्याकाळी फाडता येतं.

ऐन रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि कुणी बरोबर आल्याशिवाय फोन लागत नाही, असंही नाही.

मनाच्या डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जायचं ठरवलंत तर पहिल्याच भेटीत काही गोष्टी विचारून घ्या. मी सांगेन ते माझ्या घरी सांगाल का? माझ्यासारखे पेशंट याआधी पाहिलेत का, की मीच पहिला धडा? फी घरच्यांनी भरली तर खोलीत शब्द कुणाचा चालेल? माझ्या जोडीदाराला बोलावलं तर त्याला जोडीदार म्हणून बसवाल की 'मित्र' म्हणून बाहेर? आणि शेवटचा: मी आहे तसाच राहिलो तर तुमच्या लेखी मी बरा झालो का? यातलं एक उत्तर जरी "बघू, तुम्ही या तर खरं" असं आलं, तर उठा.

उठताना पैसे परत मागा. देणार नाहीत. मनाच्या उपचारांत अशी हमी देता येत नाही, निकाल पेशंटवर अवलंबून असतो, असं गंभीर चेहऱ्याने सांगतील. शास्त्र म्हणून ते शंभर टक्के खरं आहे. तेव्हा शांतपणे विचारा, मग ते 'तीन महिन्यांत हमखास फरक' कुठल्या शास्त्रात होतं? आणि पावती मागायला विसरू नका. समोरचा डॉक्टर असेल तर वैद्यक परिषदेकडे तक्रार करताना कागद लागतो.